नोकरी करताना सीए-सीएमएचे कोणते पेपर एकत्र द्यावेत?

नागपुरात दिवसा हिशेबाची नोकरी आणि रात्री सीए किंवा सीएमएचा (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट, म्हणजे मुख्यतः उत्पादनखर्चाच्या हिशेबाचा) अभ्यास करणारे पुष्कळ आहेत. इतवारीतल्या घाऊक व्यापाऱ्याची खाती सांभाळणारे, धंतोली-रामदासपेठेतल्या सीए कार्यालयांत विवरणपत्रे भरणारे, बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत कॉस्टिंगच्या टेबलावर बसणारे, मिहानमधल्या कंपन्यांत लेखा विभागात काम करणारे, असे सगळेच परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख जवळ आली की एकच प्रश्न विचारतात: एकच ग्रुप, म्हणजे पेपरांचा ठरलेला एक संच, द्यावा की दोन्ही? हा प्रश्न सहसा फार उशिरा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर ‘कोणता विषय सोपा’ यावरून शोधले जाते. नोकरदाराने ते दोन वेगळ्याच गोष्टींवरून शोधावे. एक म्हणजे, आपण दिलेला तास एकापेक्षा जास्त पेपरांच्या उपयोगी पडतो का; आणि दुसरी म्हणजे, परीक्षेआधीचे शेवटचे सहा आठवडे आपल्या कार्यालयाच्या कोणत्या तारखांवर येऊन पडतात.

त्याआधी ‘नोकरी करताना’ म्हणजे नेमके काय, हे आपल्यापुरते स्पष्ट करून घ्यावे, कारण सीए, सीएमए आणि एसीसीए (ब्रिटनमधल्या संस्थेचा लेखा अभ्यासक्रम) या तिन्ही प्रचलित अभ्यासक्रमांत त्याचा अर्थ निराळा आहे. सीएची नवी योजना १ जुलै २०२३ पासून लागू झाली. तीनुसार इंटरमीडिएटचे, म्हणजे फायनलच्या आधीच्या पातळीचे, दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्यावर आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण) सुरू होते, ती दोन वर्षांची असते आणि ती पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी फायनल देता येते. म्हणजे येथे नोकरीसह परीक्षा देणारा विद्यार्थी एकतर पदवीनंतर नोकरी करत इंटर देणारा असतो किंवा आर्टिकलशिप संपवून नोकरीला लागलेला फायनलचा उमेदवार असतो. आर्टिकलशिप चालू असताना जोडीने सीएमए किंवा दुसरा अभ्यासक्रम करायचा असेल, तर फॉर्म ११२ भरून सीएच्या संस्थेची परवानगी घ्यावी लागते; ती न घेता केलेला अभ्यास पुढे अडचणीत आणू शकतो. सीएमएमध्ये नोकरी करत शिकणे हीच सर्वसाधारण रीत आहे, त्यामुळे या लेखात सीएमएला अधिक जागा दिली आहे. एसीसीएमध्ये ग्रुप ही कल्पनाच नाही, म्हणून त्याचा विचार शेवटी स्वतंत्रपणे केला आहे.

आधी हातातले तास मोजावेत

आठवड्याला पाच दिवस कामाचे असतील आणि रोज दोन तास अभ्यास होत असेल, शिवाय शनिवार-रविवारी सहा-सहा तास मिळत असतील, तर आठवड्याचे २२ तास होतात. वीस आठवड्यांत ते ४४० भरतात. यातून एक पंचमांश भाग आधीच वजा करावा, कारण घरचे लग्न, ताप, ऑडिटसाठी अचानक बाहेरगावी जाणे आणि नुसता कंटाळा या चारही गोष्टी नक्की घडतात. मग हाती ३५२ तास राहतात. सीएमए इंटरच्या एका ग्रुपमध्ये चार पेपर असतात, म्हणजे पेपरमागे ८८ तास. दोन्ही ग्रुप घेतले तर पेपरमागे ४४. ज्यांचे कार्यालय शनिवारीही चालू असते, आणि शहरातली बहुतेक सीए कार्यालये चालू असतातच, त्यांच्याकडे आठवड्याला १८ तास, वीस आठवड्यांत ३६० आणि वजावटीनंतर २८८ तास उरतात. ते आठ पेपरांत वाटले तर पेपरमागे ३६ तास येतात. एवढ्या वेळात कंपनी कायद्यासारखा विषय एकदा वाचून होतो, पण त्याची उजळणी होत नाही.

हे आकडे पाहून दोन्ही ग्रुपांचा विचार सोडून द्यावा असे नाही. बी.कॉम. नुकतेच झालेल्या मुलीला फायनान्शियल अकाउंटिंगसाठी ८८ तास लागणार नाहीत आणि कारखान्यात तीन वर्षे कॉस्ट शीट बनवणाऱ्याला कॉस्ट अकाउंटिंगचा पहिला अर्धा भाग नव्याने शिकावा लागणार नाही. म्हणून सर्व पेपरांना सारखे तास न देता प्रत्येक पेपरापुढे आपल्याला खरोखर किती तास लागतील हे लिहावे आणि मग बेरीज करावी. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रोज जीएसटीची विवरणपत्रे भरणाऱ्याला आपला अप्रत्यक्ष कराचा पेपर तयार आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्याची तयारी पोर्टलची असते. पुरवठ्याचे स्थळ, पुरवठ्याची वेळ, मूल्यनिर्धारण, इनपुट टॅक्स क्रेडिटवरील निर्बंध या गोष्टी परीक्षेत कलमांसह आणि कारणांसह मांडाव्या लागतात, आणि कार्यालयात हे निर्णय बहुधा साहेबांनी आधीच घेतलेले असतात. कामाच्या अनुभवामुळे अशा पेपराचे तास फार तर एक तृतीयांशाने कमी धरावेत.

कार्यालयाचे वर्ष आणि परीक्षेचे वर्ष

सीएमएची परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर महिन्यांत होते. सीएच्या परीक्षा पूर्वी वर्षातून दोनदा होत. इंटर २०२४ पासून आणि फायनल २०२५ पासून वर्षातून तीनदा, म्हणजे जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या सत्रांत होऊ लागल्या. या महिन्यांशेजारी आपल्या कामाच्या तारखा मांडून पाहिल्या की अर्धा निर्णय तिथेच होतो.

करसल्लागाराच्या किंवा सीएच्या कार्यालयात काम करणाऱ्याचे वर्ष जुलैपासून तापू लागते. ३१ जुलै ही पगारदारांच्या विवरणपत्रांची तारीख, ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटची, ३१ ऑक्टोबर ही ऑडिट लागू असलेल्यांच्या विवरणपत्रांची. मुदतवाढ मिळाली, तर हाच ताण पुढे सरकतो. अशा व्यक्तीने डिसेंबरच्या सीएमए परीक्षेला दोन्ही ग्रुप घेणे म्हणजे सारी भिस्त एकट्या नोव्हेंबरवर ठेवणे होय, आणि त्या नोव्हेंबरातही बऱ्याच वर्षी दिवाळीचा काही भाग येतो. याच व्यक्तीला जूनची परीक्षा मात्र मानवते. मार्चअखेर आटोपला की एप्रिल आणि मे हे तुलनेने मोकळे महिने असतात. ३१ मे रोजी शेवटच्या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र असते, पण त्यासाठी काही दिवस राखून ठेवले तर भागते. म्हणून कर कार्यालयातल्या उमेदवाराने मोठा डाव जूनला खेळावा आणि डिसेंबरला एकच ग्रुप, तोही ज्यात पाठांतर कमी आहे असा, घ्यावा. सीएचा विद्यार्थी असेल तर सप्टेंबर त्याच्यासाठी सर्वांत गैरसोयीचा आणि जानेवारी बराच सोयीचा. ३१ डिसेंबरच्या जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राचे काम नोव्हेंबरातच उरकण्याची तजवीज मात्र करावी लागते. मेच्या सत्रात बँक शाखांच्या ऑडिटकडे लक्ष असू द्यावे. ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येते आणि त्यासाठी गडचिरोली, गोंदियाकडे जावे लागले तर ते दिवस अभ्यासातून गेलेच असे समजावे.

कारखान्यात किंवा मोठ्या कंपनीत काम करणाऱ्याचे गणित नेमके याच्या उलट असते. वर्षअखेरची साठामोजणी, पुस्तके बंद करणे आणि वैधानिक लेखापरीक्षकांच्या शंका यांत एप्रिल-मे निघून जातात. कॉस्ट ऑडिट (उत्पादनखर्चाच्या नोंदींची तपासणी) लागू असलेल्या कंपनीत पुढचा ताण सप्टेंबरपर्यंत चालतो, कारण आर्थिक वर्ष संपल्यापासून १८० दिवसांत कॉस्ट ऑडिटरचा अहवाल कंपनीकडे यावा लागतो आणि त्यानंतर तीस दिवसांत तो फॉर्म सीआरए-४ मधून सादर व्हावा लागतो. नंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र मोकळे. त्यामुळे बुटीबोरीच्या कारखान्यातल्या किंवा कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांशी निगडित कामात असलेल्या उमेदवाराने दोन्ही ग्रुपांचा विचार डिसेंबरसाठी करावा, जूनसाठी नव्हे.

व्यापाऱ्याकडे काम करणाऱ्याला वार्षिक चढउतार कमी आणि मासिक चढउतार जास्त असतात: ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रे. त्याने महिन्याचा आराखडाच २१ ते पुढच्या ५ तारखेपर्यंत अवघड विषय आणि ६ ते २० उजळणी किंवा सोपे विषय असा आखावा. सीएमएच्या परीक्षा सहसा महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होऊन १७-१८ तारखेपर्यंत चालतात, म्हणजे १५ जून आणि १५ डिसेंबर या आगाऊ कराच्या हप्त्यांच्या तारखा ऐन परीक्षेत येतात आणि परीक्षा संपताच २० तारीख दारात उभी असते. रजेचा अर्ज दोन महिने आधी देण्याचे कारण हेच आहे; मालकाला आपल्या जागी त्या आठवड्यात कोण बसेल हे ठरवायला वेळ मिळाला तर तो सहसा नाही म्हणत नाही.

नागपूरच्या हवामानाचा आणि रस्त्यांचाही हिशेब करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि कामावरून परतल्यावर संध्याकाळी वरच्या मजल्यावरची खोली कूलर लावूनही निवत नाही. जूनची परीक्षा देणाऱ्याने अभ्यासाचे मुख्य दोन तास पहाटे ठेवावेत आणि रविवारची दुपार एखाद्या वातानुकूलित अभ्यासिकेत घालवावी. तिची महिन्याची फी वाया जात नाही. डिसेंबरात हवा अभ्यासाला उत्तम असते, पण त्याच महिन्यात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन शहरात असते आणि मोर्च्यांमुळे सीताबर्डी व सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते वळवले जातात. केंद्र त्या बाजूला आले असेल तर मेट्रोने जाणे शहाणपणाचे.

गुणांचा नियम: दोन्ही ग्रुपांचा फायदा नक्की कोठे आहे

सीए आणि सीएमए या दोन्हींत प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के लागतात. दोन्ही ग्रुप एकाच वेळी दिले आणि कोणत्याही पेपरात ४० च्या खाली गेले नाही, तर दोन्हींची एकत्रित सरासरी ५० टक्के असली तरी चालते. यालाच विद्यार्थी सेट-ऑफ म्हणतात. उदाहरणार्थ, सीएमए इंटरच्या पहिल्या ग्रुपमध्ये ४८, ६६, ४२ आणि ५८ असे २१४ गुण मिळाले, आणि दुसऱ्यात ४४, ५२, ४१ आणि ५५ असे १९२. दुसरा ग्रुप एकटा दिला असता तर आठ गुणांनी हुकला असता. एकत्र दिल्यामुळे ८०० पैकी ४०६ होतात आणि दोन्ही ग्रुप सुटतात. पण त्याच दुसऱ्या ग्रुपमधल्या ४१ च्या जागी ३८ आले, तर सेट-ऑफ संपला. पहिला ग्रुप स्वतःच्या बळावर सुटेल, दुसरा राहील.

यावरून नोकरदाराने घ्यावयाचा अर्थ असा की, सेट-ऑफ ज्याचे गुण वरखाली असतात पण तळाला कधीच जात नाहीत त्याच्या उपयोगाचा आहे. ज्याचे दोन पेपर ६० च्या वर जातात आणि बाकीचे ४५ च्या आसपास रेंगाळतात, त्याने दोन्ही ग्रुप द्यावेत. ज्याचा एखादा विषय, बहुधा कायदा किंवा कर, सरावपरीक्षेत पुन्हा पुन्हा ३५ ला अडकतो, त्याला सेट-ऑफचा लाभ मिळणारच नाही. उलट आठ पेपरांत तास वाटले गेल्याने हमखास सुटणारा ग्रुपही धोक्यात येतो. दोन्ही ग्रुपांचा अर्ज भरण्यात नियमाने तोटा काही नाही. जो काही तोटा आहे तो तयारी पातळ होण्याचा आहे, आणि तो निकालपत्रावर वेगळा दिसत नाही.

वेळापत्रकातला एक तपशील या निर्णयात फार मोलाचा आहे. सीएमएमध्ये दोन्ही ग्रुपांचे पेपर सहसा एकाआड एक दिवशी असतात, त्यामुळे एकच ग्रुप देणाऱ्याला दोन पेपरांमध्ये एक मोकळा दिवस मिळतो आणि दोन्ही देणाऱ्याला सलग आठ दिवस रोज पेपर असतो. शेवटच्या दिवशीच्या उजळणीवर भिस्त असणाऱ्याने, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी, हे आधी लक्षात घ्यावे. सीएमध्ये दोन्ही ग्रुप दिले तरी पेपरांमध्ये सहसा एखादा दिवस मिळतो, पण परीक्षा लांबते आणि रजा जास्त लागते.

सीएमए: कोणता पेपर कोणाला ओढतो

२०२२ च्या अभ्यासक्रमानुसार इंटरच्या पहिल्या ग्रुपमध्ये बिझनेस लॉज अँड एथिक्स, फायनान्शियल अकाउंटिंग, डायरेक्ट अँड इनडायरेक्ट टॅक्सेशन आणि कॉस्ट अकाउंटिंग हे पेपर आहेत. दुसऱ्यात ऑपरेशन्स मॅनेजमेंट अँड स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट, कॉर्पोरेट अकाउंटिंग अँड ऑडिटिंग, फायनान्शियल मॅनेजमेंट अँड बिझनेस डेटा अॅनालिटिक्स आणि मॅनेजमेंट अकाउंटिंग. कोणताही ग्रुप आधी देण्याची मोकळीक आहे आणि तिचा गैरवापर येथूनच सुरू होतो. ‘दुसऱ्या ग्रुपमध्ये कायदा नाही, कर नाही, म्हणून तो आधी’ असे पुष्कळ जण ठरवतात. पण या ग्रुपचा पायाच पहिल्या ग्रुपमध्ये आहे. मॅनेजमेंट अकाउंटिंगमधले निर्णयतंत्र, प्रमाण परिव्यय आणि अंदाजपत्रक हे सगळे कॉस्ट अकाउंटिंगमध्ये पाहिलेल्या गोष्टींचेच पुढचे पाऊल आहे, आणि कॉर्पोरेट अकाउंटिंग हे फायनान्शियल अकाउंटिंगची सवय हाताला असल्याशिवाय वेळेत लिहून होत नाही. दुसरा ग्रुप आधी घेणाऱ्याला पहिल्याचा निम्मा अभ्यास तरीही करावा लागतो, फक्त त्याचे गुण त्या वेळी मिळत नाहीत. एकच ग्रुप द्यायचा असेल तर पहिलाच आधी द्यावा, असे माझे ठाम मत आहे. कारखान्याच्या कॉस्टिंगमध्ये रोज काम करणारा उमेदवार एवढाच त्याला अपवाद.

दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्याने पेपरांचा क्रम विसरून विषयांच्या जोड्या लावाव्यात. कॉस्ट अकाउंटिंग संपवून दुसऱ्याच दिवशी मॅनेजमेंट अकाउंटिंगला हात घालावा. सीमांत परिव्यय आणि विचलनाची गणिते एकाच वहीत, एकापुढे एक सोडवावीत. तसेच फायनान्शियल आणि कॉर्पोरेट अकाउंटिंग सलग करावे, कारण लेखामानके दोन्हीकडे लागतात, आणि ऑडिटिंगचा भाग त्याला लागूनच वाचावा. या दोन जोड्या म्हणजे आठपैकी चार पेपर, आणि जो तास दोनदा उपयोगी पडतो तो येथेच आहे. ऑपरेशन्स-स्ट्रॅटेजिक आणि कायदा हे दोन वाचनाचे पेपर आहेत. ते रोज थोडे थोडे, प्रवासात वाचण्यासारखे. लोकमान्य नगरहून सीताबर्डीपर्यंत किंवा खापरीहून शहरात मेट्रोने येणाऱ्याला, बसायला जागा मिळाली तर, एका फेरीत दोन-तीन कलमे वाचून होतात. करनिर्धारणाचा पेपर मात्र कोणाशीच जोडी जमवत नाही आणि त्याला स्वतःचे सलग आठवडे द्यावे लागतात.

फायनलमध्ये चित्र बदलते. तिसऱ्या ग्रुपमध्ये कॉर्पोरेट अँड इकॉनॉमिक लॉज, स्ट्रॅटेजिक फायनान्शियल मॅनेजमेंट, डायरेक्ट टॅक्स लॉज अँड इंटरनॅशनल टॅक्सेशन आणि स्ट्रॅटेजिक कॉस्ट मॅनेजमेंट. चौथ्यात कॉस्ट अँड मॅनेजमेंट ऑडिट, कॉर्पोरेट फायनान्शियल रिपोर्टिंग, इनडायरेक्ट टॅक्स लॉज अँड प्रॅक्टिस आणि एक ऐच्छिक पेपर. म्हणजे एकमेकांना पूरक विषय संस्थेने दोन ग्रुपांत विभागून ठेवले आहेत. येथे नोकरीचे स्वरूप निर्णायक ठरते. कॉस्ट ऑडिटचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या, जीएसटी हाताळणाऱ्या उमेदवाराने चौथा ग्रुप आधी घ्यायला हरकत नाही. कॉस्ट रेकॉर्ड्स अँड ऑडिट रूल्स, २०१४ हे ज्याने कंपनीच्या कागदांवर राबवले आहेत त्याला तो पेपर वाचून काढणाऱ्यापेक्षा कितीतरी सोपा जातो. ऐच्छिक पेपर निवडतानाही हाच निकष लावावा: बँक किंवा विमा क्षेत्रातल्याने रिस्क मॅनेजमेंटचा, इतरांपैकी बहुतेकांनी परफॉर्मन्स मॅनेजमेंट व मूल्यांकनाचा. मित्राने घेतला म्हणून निवडलेला ऐच्छिक पेपर बहुधा मित्राच्याच नोट्सवर अवलंबून राहतो.

प्रत्यक्ष कराच्या पेपराबाबत सध्या विशेष काळजी घ्यावी लागेल. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असून त्याने १९६१ चा कायदा बदलला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ यांच्या जागी ‘कर वर्ष’ आले. ज्याने जुन्या कायद्याने तयारी केली आहे त्याने तो पेपर असलेला ग्रुप पुढे ढकलण्यापूर्वी आपल्या सत्राला कोणता कायदा लागू आहे ही संस्थेची सूचना वाचावी. ढकलल्यास सगळी कलमे नव्याने बसवावी लागतात. कार्यालयात तर काही काळ दोन्ही कायदे जोडीने वापरले जाणार, कारण आधीच्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालतात, आणि उत्तरपत्रिकेत त्यांची सरमिसळ होण्याचा धोका नोकरदारालाच सर्वाधिक आहे.

सीए: तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप

नव्या योजनेत इंटर आणि फायनल दोन्हींत सहा-सहा पेपर आहेत, त्यामुळे एकत्र देण्याचा भार सीएमएपेक्षा आकड्याने कमी दिसतो. खोलीने तो कमी नाही. इंटरच्या पहिल्या ग्रुपमध्ये अॅडव्हान्स्ड अकाउंटिंग, कायदा आणि कर; दुसऱ्यात कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटिंग, ऑडिटिंग अँड एथिक्स आणि फायनान्शियल व स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट. येथे ऑडिटिंगचा पेपर लेखामानके आणि कंपनी कायदा समजल्यावर निम्मा सोपा होतो, आणि हे दोन्ही पहिल्या ग्रुपमध्ये आहेत. आर्टिकलशिप दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय सुरूच होत नसल्यामुळे इंटरला एकेक ग्रुप देण्याचा पूर्वीचा फायदाही उरलेला नाही. नोकरी तात्पुरती असेल आणि सीए व्हायचेच असेल, तर इंटरसाठी चार-पाच महिने नोकरी सोडून दोन्ही ग्रुप देणे हा पर्याय घरची परिस्थिती पाहून गंभीरपणे विचारात घ्यावा.

फायनलमध्ये पहिल्या ग्रुपमध्ये फायनान्शियल रिपोर्टिंग, अॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट आणि ऑडिट. दुसऱ्यात प्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष कर आणि इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स. हा शेवटचा पेपर पुस्तके सोबत ठेवून लिहायचा असतो, म्हणून तो फुकटचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात सर्व विषय एकत्र येतात, पहिल्या ग्रुपमधलेही. दुसरा ग्रुप आधी देणाऱ्याला या पेपरासाठी न दिलेल्या ग्रुपचा अभ्यास करावा लागतो, तर पहिला ग्रुप आधी देणाऱ्याला तसे काही करावे लागत नाही. दोन्ही एकत्र देणाऱ्याची तयारी या पेपराला आपोआप मिळते. म्हणून क्रम पहिला-दुसरा किंवा दोन्ही. दुसरा-पहिला हा क्रम कर कार्यालयात वर्षानुवर्षे काम केलेल्यानेच घ्यावा.

एसीसीए करणाऱ्यांसाठी

येथे एकूण १३ पेपर, वर्षात मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर अशी चार सत्रे, एका सत्रात जास्तीत जास्त चार पेपर आणि प्रत्येक पेपर ५० गुणांवर स्वतंत्रपणे सुटतो. सेट-ऑफ नाही, त्यामुळे जास्त पेपर एकत्र देण्याने गुणांचा काहीच फायदा होत नाही. नोकरदाराने एका सत्रात दोन पेपर हाच नियम धरावा: फायनान्शियल रिपोर्टिंगबरोबर ऑडिट अँड अॅश्युरन्स, परफॉर्मन्स मॅनेजमेंटबरोबर फायनान्शियल मॅनेजमेंट. शेवटच्या पातळीवर स्ट्रॅटेजिक बिझनेस रिपोर्टिंग नुकताच केला असेल तर अॅडव्हान्स्ड ऑडिट लगेच घ्यावा, कारण लेखामानके तोपर्यंत विसरलेली नसतात. सुरुवातीचे पेपर मागणीनुसार संगणकावर केव्हाही देता येतात. ते कामाच्या हलक्या महिन्यांत उरकून टाकावेत.

अर्ज भरल्यानंतर

दोन्ही ग्रुपांचा अर्ज भरला म्हणून निर्णय संपत नाही. परीक्षेच्या सहा आठवडे आधी प्रत्येक पेपराची एक पूर्ण तीन तासांची सरावपरीक्षा द्यावी, तीही घड्याळ लावून आणि कोणाकडून तरी तपासून घेऊन. एखाद्या पेपरात ४५ मिळत नसतील आणि त्यासाठी किती तास लागतील हे सांगता येत नसेल, तर तो ग्रुप सोडून सगळा वेळ दुसऱ्याला द्यावा. फी जाणे हे दुसरा ग्रुपही गमावण्यापेक्षा स्वस्त असते. ग्रुप सोडायचा तर पूर्ण सोडावा. मधला एखादा पेपर चुकवू नये, कारण सीएमध्ये ६० किंवा अधिक गुणांच्या पेपराची सवलत, म्हणजे एक्झम्प्शन, मिळण्यासाठी त्या ग्रुपचे सर्व पेपर दिलेले असावे लागतात.

या सवलतीचा पुढच्या निवडीत मोठा उपयोग आहे. समजा, सीए इंटरच्या पहिल्या ग्रुपमध्ये अकाउंटिंगला ६७, कायद्याला ३८ आणि कराला ४४ मिळाले. ग्रुप राहिला, पण अकाउंटिंग सुटले आणि त्याचे ६७ पुढे धरले जातात. आता १५० साठी कायदा आणि कर मिळून ८३ हवेत, दोन्हींत किमान ४०. हा ग्रुप आता दोन पेपरांचा झाल्यामुळे त्याला जोडून दुसऱ्या ग्रुपचे तीन पेपर घेणे नोकरदारालाही शक्य होते. मात्र ही सवलत लगतच्या तीन परीक्षांपुरतीच चालते, आणि परीक्षा चार महिन्यांनी येऊ लागल्यापासून त्या तीन संधी एका वर्षात संपतात. टॅक्स ऑडिटमुळे सप्टेंबर चुकवला तरी ती संधी मोजली जाते. मुदत संपल्यावर सवलत कायम ठेवण्याचा पर्याय नव्या योजनेत आहे, पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० ऐवजी ५० गुण मिळवावे लागतात. म्हणजे वरच्या उदाहरणात ८३ च्या जागी १००. त्यामुळे जानेवारीच्या निकालात अशी सवलत मिळालेल्या कर कार्यालयातल्या उमेदवाराने तो राहिलेला ग्रुप मे महिन्यातच द्यावा, सप्टेंबर नसल्यातच जमा धरावा आणि पुढचा जानेवारी हाच आपला शेवटचा मोकळा प्रयत्न समजून दुसऱ्या ग्रुपची आखणी करावी.